फांदी विरुद्ध पिकर्सगिल

लायोनेल पिकर्सगिल यांना कायद्याची बाधा झाली ती चर्चच्या आवारातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत. मार्श हॅडन गावची माणसं त्या विक्रीतून टोपण नसलेली किटली वगैरे घेऊन येतात, वर्षभर अडगळीत ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्याच विक्रीला दान करतात. तीच किटली तिसऱ्यांदा विकत घेतलेली माणसंही गावात आहेत. पिकर्सगिलसाहेबांनी मात्र एक पुस्तक आणलं. लाल कापडी बांधणी, उंदरांनी चाखलेले कोपरे आणि आत डांबराच्या गोळ्यांचा वास. नाव होतं 'कायद्यातील लॅटिन शब्द : अर्थ आणि उगम', साल एकोणीसशे एकतीस.

"हे कशाला?" त्यांच्या बायकोनं, मॉरीननं विचारलं.

"ज्ञान आहे ते."

"मागच्या वर्षी आणलेलं हवामानाचं यंत्रही ज्ञानच होतं. अजून 'वादळ' दाखवतंय."

साहेबांनी उत्तर दिलं नाही. पाणीपुरवठा मंडळाच्या तक्रार विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस उत्तर न देण्यात तरबेज असतो. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्यांदा लिहिलं होतं की झोपेत कुणी हलवलं तरी तेच बाहेर पडलं असतं. या चौतीस वर्षांत त्यांची स्वतःची तक्रार मात्र कुणीच, कधीच, कुठेच नोंदवून घेतली नव्हती. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. घरात ते बोलू लागले की मॉरीन रेडिओचा आवाज वाढवायची. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कुणीतरी आपलं म्हणणं गंभीरपणे ऐकून घ्यावं आणि 'तुमचं बरोबर आहे' असं शिक्क्यानिशी लिहून द्यावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्याकडे एक तक्रार होती.

तक्रार म्हणजे फांदी. शेजारच्या प्रॉदरोबाईंचं नासपतीचं झाड. झाड बिचारं बाईंच्याच बागेत होतं, पण त्याची एक जाडजूड फांदी कुंपण ओलांडून साहेबांच्या हिरवळीवर आली होती. सप्टेंबरात तिच्यावरून पिकलेल्या नासपती टपाटप पडायच्या, सडायच्या आणि त्यांच्यावर गांधीलमाशा जमायच्या. त्यांतली एक माशी साहेबांच्या बागेतल्या खुर्चीत साहेबांच्या आधी येऊन बसली होती. पुढे काय झालं आणि कुठे झालं, हे सांगायला लॅटिनच बरं.

आता सरळ शेजारच्या घराची घंटा वाजवून 'बाई, तेवढी फांदी कापू का?' असं विचारायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. मार्श हॅडनमध्ये असं करत नाहीत. तिथली रीत अशी की कुंपणाशी उभं राहायचं, 'हवा छान आहे' म्हणायचं आणि ज्या गोष्टीचा त्रास होतोय तिच्याकडे बघायचं. समोरच्यानं समजून घ्यायचं. साहेबांनी दोन महिने फांदीकडे बघत 'हवा छान आहे' म्हटलं. प्रॉदरोबाईंनीही फांदीकडे बघितलं, 'हो, छानच आहे' म्हटलं आणि साहेबांना नासपती आवडतात असं समजून जॅमच्या दोन बरण्या पाठवल्या. जॅम उत्तम होता. साहेबांनी तो संपवला, आणि संपवताना प्रत्येक घासाला त्यांचा अपमान होत होता.

त्या मनःस्थितीत हे पुस्तक हाती आलं. दुसऱ्याच पानावर त्यांना एक वचन सापडलं. जमीन ज्याची, तिच्यावरचं स्वर्गापर्यंतचं सगळं आणि खालचं नरकापर्यंतचं सगळं त्याचंच. लॅटिनमध्ये ते असं काही घुमत होतं की साहेब चपला न घालता हिरवळीवर गेले आणि त्यांनी वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपण जमीनदार आहोत असं वाटलं. तेवढ्यात वरून एक विमान गेलं. साहेबांनी त्याच्याकडेही जरा रोखूनच बघितलं.

पुढचे पंधरा दिवस घरात लॅटिनचा सुळसुळाट झाला. दुधाच्या बाटलीपासून हरवलेल्या मोज्यापर्यंत प्रत्येक वस्तूला कलम लागलं. मॉरीन हे सगळं मुकाट्यानं ऐकत होती, पण एका संध्याकाळी साहेबांनी चष्मा पुसत जाहीर केलं :

"प्रॉदरोबाई आता प्रतिपक्ष आहेत. निकाल लागेपर्यंत त्यांच्याशी संबंध नको."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा तो गुरुवारचा चहा बंद."

मॉरीनच्या हातातली सुई थांबली. गेली एकोणीस वर्षं दर गुरुवारी दुपारी ती प्रॉदरोबाईंकडे चहाला जात होती. दोघी काय बोलत, हे साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"एका फांदीसाठी?" ती म्हणाली.

"फांदीचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्व गुरुवारी माझ्याशी गप्पा मारणार आहे का?"

यावर पुस्तकात काही नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून मॉरीन गुरुवारी दुपारी चर्चमध्ये फुलं लावायला जाऊ लागली. साहेबांना बरं वाटलं. बायकोला काहीतरी छंद लागला म्हणायचा. एकदा ती परत आल्यावर त्यांनी, केवळ सरावासाठी, उलटतपासणीही घेतली.

"गुरुवारी दुपारी तीन ते पाच तू कुठे होतीस?"

"फुलं लावत होते."

"म्हणजे तुझ्याकडे अलिबी आहे. लोकांना वाटतं अलिबी म्हणजे सबब. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फक्त 'दुसरीकडे' एवढाच आहे. गुन्हा घडला तेव्हा मी दुसरीकडे होतो!"

"होते ना. दुसरीकडेच होते," मॉरीन म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

त्याच सुमाराला घरातला एक कप नाहीसा झाला. निळा, पाकोळीचं चित्र असलेला, मॉरीनच्या मावशीनं दिलेला. साहेबांना हे प्रकरण म्हणजे पर्वणीच वाटली. कप टांगायच्या रिकाम्या आकड्यासमोर ते पुस्तक उघडून उभे राहिले.

"रेस इप्सा लॉक्विटर. वस्तू स्वतःच बोलते. पुरावा वेगळा द्यावा लागत नाही. हा आकडा बघ, हा बोलतोय."

"काय बोलतोय?"

"की कप इथे नाही."

"ते मीच मघाशी बोलले," मॉरीन म्हणाली. चौकशी तिथेच थांबली.

सल्ला घ्यायचा तर गावातल्या पबमध्ये, आणि पबमध्ये सल्ला द्यायचा तो नॉर्मन डॅक्र यांनी. डॅक्र म्हणजे निवृत्त पोलीस हवालदार. शेजारच्या मांजराशी त्यांचा नऊ वर्षं वाद चालला होता आणि मांजर मेल्यापासून त्यांचा जीव रमत नव्हता.

"अरे, सरळ करवत घे आणि काप की लेका!" डॅक्र म्हणाले. "हद्दीपर्यंत कापायचा तुला हक्क आहे. कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही."

"न विचारता? ती रानटी रीत झाली. मला निकाल हवा, नॉर्मन. लेखी."

"बरं, तू त्या नासपतींचा जॅम खाल्लास का?"

साहेब बिअरच्या फेसाकडे बघू लागले.

"खाल्लास! मग मेलास. राजीखुशीनं घेतलेल्या गोष्टीची तक्रार चालत नाही. त्याला तुझ्या त्या भाषेत काहीतरी म्हणतात."

त्याला काय म्हणतात हे साहेबांना माहीत होतं, पण त्यांनी ते सांगितलं नाही. आपलंच शस्त्र आपल्यावर उलटायचं असेल तर निदान दुसऱ्यानं ते शोधून आणावं.

डॅक्र यांनी बिअरचा घोट घेत एकच शंका काढली. झाड सरकारनं संरक्षित केलेलं असलं तर? झालं. साहेबांनी नगरपालिकेला पत्र टाकलं. सात आठवड्यांनी, एप्रिलच्या शेवटी, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घातलेला वृक्ष-अधिकारी आला. झाडाची उंची बारा फूट होती, शिरस्त्राण नक्की कशासाठी होतं ते कळलं नाही. त्यानं बुंध्याचा घेर मोजला, फांदीची लांबी मोजली, साहेबांच्या खुर्चीचंही माप घेतलं आणि सांगितलं, "झाड संरक्षित नाही."

साहेबांचा चेहरा उजळला.

"पण फांदीवर घरटं आहे. पिल्लं उडून जाईपर्यंत हात लावता येणार नाही. ऑगस्ट संपेपर्यंत थांबा."

"घरटं माझ्या हद्दीत आहे! माझ्या जमिनीवरचं स्वर्गापर्यंतचं सगळं माझं आहे!"

"मग पक्ष्याला तसं कळवा," अधिकारी म्हणाला आणि त्यानं फॉर्मवर सही घेतली.

मग साहेबांनी पत्र लिहायला घेतलं. तीन आठवडे ते खपत होते. पत्रात लॅटिन शब्द सतरा आणि फांदीचा उल्लेख एकदा. दोन्ही दारांमधलं अंतर अकरा पावलं होतं, पण प्रतिपक्षाच्या दारात हातानं पत्र टाकणं शोभलं नसतं. म्हणून त्यांनी ते तिकीट लावून पेटीत टाकलं. पत्र तीस मैलांवरच्या टपाल केंद्रात गेलं, तिथे त्यावर शिक्के पडले आणि दोन दिवसांनी परत त्याच गल्लीत येऊन शेजारच्या दारातून आत पडलं.

उत्तरही टपालानंच आलं. लिफाफ्यात साहेबांचंच पत्र होतं, लाल शाईनं तपासलेलं. 'सबपीना', म्हणजे कोर्टाचं बोलावणं, या शब्दाखाली दोन रेघा ओढून समासात लिहिलं होतं : 'याचा मूळ अर्थ दंडाच्या धाकाखाली. तुम्ही मला बोलावताय की धमकावताय? एक काहीतरी ठरवा.' 'हेबियस कॉर्पस' याच्यापुढे : 'म्हणजे शरीर हजर करा. कुणाचं? झाडाचं?' आणि सर्वांत खाली : 'प्रयत्न दिसतो. समज दिसत नाही. दहापैकी चार.'

साहेब खुर्चीत बसले. माशी नाही हे बघून बसले, एवढं भान होतं.

"मॉरीन! ही बाई आहे तरी कोण?"

"मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं लॅटिन शिकवायची ती," मॉरीन स्वयंपाकघरातून म्हणाली.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

आणि खरंच विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेल्या माणसाला 'तुम्ही काय करत होता?' असं विचारणं मार्श हॅडनमध्ये आगाऊपणाचं समजतात. पिकर्सगिलसाहेब सभ्य गृहस्थ होते. पण ते चार गुण त्यांच्या जिव्हारी लागले. शाळेतसुद्धा त्यांना इतके कमी पडले नव्हते. आता माघार नाही, असं ठरवून त्यांनी दिवाणी न्यायालयाचा फॉर्म मागवला.

फॉर्म दोनदा परत आला. पहिल्यांदा, 'तुम्हाला काय हवं आहे?' या चौकटीत त्यांनी चार ओळींचं लॅटिन लिहिलं होतं म्हणून. दुसऱ्यांदा, त्या चार ओळींखाली आठ ओळींत त्यांचा अर्थ आणि उगम लिहिला होता म्हणून. शेवटी फोनवरच्या कारकूनबाईंनी विचारलं, "साहेब, तुम्हाला नक्की काय हवंय हो?" साहेब म्हणाले, "न्याय." बाईंनी उसासा टाकला आणि 'फांदी' असं लिहून घेतलं. तोवर ऑगस्ट संपला, पिल्लं उडाली, नासपती पिकल्या, सडल्या, माशा येऊन गेल्या. साहेबांनी फांदीला हात लावला नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट होतं. तारीख लागली ती पुढच्या सप्टेंबरात.

गावातलं न्यायालय कधीच बंद पडलं होतं, त्यामुळे चाळीस मैल बसनं जायचं होतं. साहेबांच्या डोळ्यांसमोर ओकच्या लाकडाचे उंच बाक होते, केसांचे टोप होते, भिंतीवर सिंह होता. प्रत्यक्षात ते चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका करड्या गालिचाच्या खोलीत जाऊन बसले. कोपऱ्यात पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं. टेबलावर रडणाऱ्या पक्षकारांसाठी कागदी रुमालांचा खोका होता. न्यायाधीश फेअरक्लोबाईंनी टोप घातला नव्हता, साधं जाकीट घातलं होतं आणि त्यांना सर्दी झाली होती. पलीकडे प्रॉदरोबाई टोपी घालून ताठ बसल्या होत्या.

साहेब उभे राहिले. इथे उभं राहायचं नसतं, पण ते राहिले. लाल पुस्तक छातीशी धरून त्यांनी सुरुवात केली. जमीन, स्वर्ग, नरक. मग वस्तू स्वतःच कशी बोलते ते. सव्वा वर्ष आरशासमोर घोकलेलं भाषण होतं ते, आणि खोटं कशाला बोला, चांगलं होतं. आवाज चढत गेला, एकदा तर पाण्याचं यंत्रही गप्प झालं.

"मिस्टर पिकर्सगिल," न्यायाधीशबाई नाक पुसत म्हणाल्या, "आमच्या कामकाजातून हे लॅटिन काढून टाकलंय. पंचवीस वर्षं होऊन गेली."

"काढून… टाकलंय?"

"बराचसा भाग. तुमच्यासारख्या सामान्य लोकांना समजावं म्हणून."

"पण मला समजतं!"

"तीच तर अडचण झालीये."

साहेब हळूच खाली बसले. हातातलं पुस्तक एकदम जड लागायला लागलं. ज्या भाषेत आपलं ऐकून घेतील असं वाटलं होतं ती भाषा या खोलीत समजणारं एकच माणूस होतं, आणि ते पलीकडच्या बाजूला बसलं होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि रुमालांचा खोका त्यांच्याच बाजूला आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"एका वाक्यात सांगा," न्यायाधीशबाई जरा मऊ होऊन म्हणाल्या. "तुम्हाला काय हवंय?"

साहेबांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"ती फांदी… कापायची आहे."

"मिसेस प्रॉदरो, तुमची हरकत?"

"मुळीच नाही. कधीच नव्हती."

"मग सव्वा वर्ष तुम्ही तसं सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलंच नाही," प्रॉदरोबाई म्हणाल्या. "मला बोलावलं गेलं, धमकावलं गेलं, माझ्याकडे शरीर मागितलं गेलं. विचारलं नाही."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "दावा फेटाळला. कापायला परवानगी लागतच नव्हती, आजही लागत नाही. मात्र कापलेली फांदी आणि तिच्यावरची फळं झाडाच्या मालकिणीची. ती नेऊन द्यायची. कायदा क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालत नाही, यालाही लॅटिनमध्ये काहीतरी आहे ना?"

"डी मिनिमिस नॉन क्युरॅट लेक्स," साहेब आणि प्रॉदरोबाई एकाच वेळी म्हणाले. मग दोघांनी विरुद्ध भिंतींकडे बघितलं.

परतीची बस एकच होती. बाई पुढे बसल्या, साहेब दोन रांगा मागे. उतरताना साहेब म्हणाले, "हवा छान आहे." बाहेर पाऊस पडत होता.

पुढच्या गुरुवारी दुपारी, मॉरीन फुलं लावायला गेल्यावर, साहेबांनी करवत काढली. फांदी कापायला अकरा मिनिटं लागली. आता ती नेऊन द्यायची होती. ती टपालानं पाठवता येईल का, हा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. मग त्यांनी नासपती टोपलीत भरल्या, फांदी काखोटीला मारली आणि अकरा पावलं चालत जाऊन एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या घराची घंटा वाजवली.

"या, उघडंच आहे!" आतून आवाज आला.

स्वयंपाकघरात टेबलाशी प्रॉदरोबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर मॉरीन. पायात तिच्या स्वतःच्या लोकरीच्या सपाता. पुढ्यात निळा कप, त्यावर पाकोळी.

"दार लाव, लायोनेल, वारा येतोय," मॉरीन म्हणाली. ती दचकली नाही, की उठली नाही.

"तू… चर्चमध्ये… फुलं…"

"दीड वर्ष फुलं लावतं का रे कुणी? त्या चर्चला आठ तर खिडक्या आहेत."

"पण मी तुला विचारलं होतं! तीन ते पाच कुठे होतीस म्हणून!"

"आणि मी सांगितलं, दुसरीकडे होते. तू खूश झालास आणि मला त्याचा उगम सांगितलास. कुठे, ते नाही विचारलंस." तिनं कप खाली ठेवला. "एकोणीस वर्षं मी इथे येते, लायोनेल. इथे मी बोलले की कुणीतरी ऐकतं. ते बंद कर म्हणालास, आणि मला काय वाटेल हे विचारलंसुद्धा नाहीस. सगळं जग आपलं ऐकत नाही म्हणून कोर्टात गेलास तू."

साहेबांच्या काखेतून फांदी घसरली. त्यांना शरम वाटली, अगदी सरळ, बिनशब्दांची शरम. त्यांनी एक तक्रार दीड वर्ष उराशी धरली होती, आणि घरातली दुसरी तक्रार रोज समोर बसून बटाटे सोलत होती. तिची नोंद त्यांनी घेतली नव्हती.

"आणि ते चार गुण," मॉरीन कपाकडे बघत म्हणाली, "ही ग्वेंडा दोनच देत होती. मी म्हटलं, तीन आठवडे खपलाय बिचारा, वाढव."

"व्याकरण भयंकर होतं," प्रॉदरोबाई म्हणाल्या. "मिस्टर पिकर्सगिल, या कपाबद्दल आपल्याला काही म्हणायचं आहे?"

साहेबांनी कपाकडे बघितलं. अशा प्रसंगासाठीच तर 'वस्तू स्वतःच बोलते' हे वचन होतं, पान एकशे बारा. अर्थ आणि उगमासकट जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ते तसंच गिळलं.

"मी," ते म्हणाले, "मी इथे बसू का?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मॉरीननं टोपली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पायानंच एक खुर्ची पुढे सरकवली.

"दहापैकी सहा," प्रॉदरोबाई तिला म्हणाल्या, आणि तिसरा कप घ्यायला उठल्या.